हापसा बंद पडला, दोष कुणाचा?

पाण्याचे यंत्र बसवणे सोपे, ते चालते ठेवणे अवघड. जालना-सोलापूरपासून केनियापर्यंत इंजिनिअरांना आलेला अनुभव एकच

उन्हाची तिरीप वाढली की गावोगावी एक वाक्य हमखास ऐकू येते : "हापसा बंद आहे, वर कळवलंय, अजून कोणी फिरकलं नाही." मग पंचायत समितीत खेपा होतात, ग्रामसभेत आवाज चढतो आणि इंजिनिअरच्या नावाने बोटे मोडली जातात. इंजिनिअर म्हणतो, सामान नाही, गाडी नाही, माणसे नाहीत. या वादात दोन-तीन आठवडे सहज निघून जातात. तेवढे दिवस घरच्या बायाबापड्या डोक्यावर हंडा घेऊन रानातल्या विहिरीवर जातात आणि पोरी शाळा बुडवून त्यांच्या मागे कळशी घेऊन चालतात.

सरपंच मंडळी, शेतकरी बंधू-भगिनींनो, हे गाऱ्हाणे केवळ आपल्या तालुक्यातले नाही. गरीब देशांत पाण्याचे काम करणारा इंजिनिअर बिहारात असो की आफ्रिकेत, त्याचे घोडे एकाच जागी अडते. यंत्र बसवून होते, पण ते बिघडल्यावर कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या पैशाने दुरुस्त करायचे, याची घडी बसवायची राहून जाते. ही घडी कशी मोडते आणि कशी बसते, ते आपल्या हापशाच्याच इतिहासावरून पाहू. या इतिहासात जालना आणि सोलापूर या आपल्या दोन जिल्ह्यांचा मोठा वाटा आहे.

घरच्या पंपावर गावाचा भार

१९६६-६७ साली बिहार आणि उत्तर प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी युनिसेफने हवेच्या दाबावर चालणारी बोअर खोदाईची यंत्रे भारतात आणली. कठीण खडकात सुरुंग लावून विहीर खणायला महिने लागत, तिथे बोअर थोड्या दिवसांत होऊ लागली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात बोअरचे महत्त्व सर्वांना पटले. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच सुमारास उभी राहिली.

बोअर झाल्या, पण त्यांवर बसवलेले पंप बिडाचे होते. त्यांची घडण परदेशातल्या शेतावर राहणाऱ्या एखाद्या कुटुंबासाठी झालेली. तो पंप आपल्या गावात आला तेव्हा त्याच्यावर काय बोजा पडला, त्याचा हिशेब करून पाहा. शासनाचा बरीच वर्षे चालत आलेला निकष २५० माणसांमागे एक हातपंप आणि माणशी रोज ४० लिटर पाणी असा होता. म्हणजे एका पंपाने दिवसाला १० हजार लिटर पाणी द्यायचे. चांगला हापसा मिनिटाला ४० वेळा पूर्ण हापसला तर १५ लिटर पाणी देतो. या हिशेबाने तो रोज ११ तास चालला पाहिजे आणि दिवसाला त्याची दांडी २६ हजारांवर वेळा खालीवर झाली पाहिजे. वर्षाचा आकडा कोटीच्या जवळ जातो. घरगुती पंपाची एवढ्या कामाला काय छाती?

परिणाम व्हायचा तोच झाला. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. कागदावर गावाला पाणी मिळाले होते. 'इतक्या बोअर, इतके पंप' हे उद्दिष्ट पूर्ण झाले होते. गावातली बाई मात्र जुन्याच डोहावर जात होती.

जालना आणि सोलापूरची करामत

या दुखण्यावर औषध निघाले ते मराठवाड्यात आणि सोलापुरात. जालन्याला मिशनच्या पाणीपुरवठा कामात असलेल्या मेकॅनिकांनी बिडाचा पंप बाजूला ठेवून पोलादाचा पंप बनवला. जुन्या पंपाला जागोजागी सांधे होते आणि प्रत्येक सांधा झिजत होता. नव्या पंपात दांडीला एकच आस ठेवला, त्याला बंदिस्त बेअरिंग दिले आणि सळईला साखळी जोडली. त्यामुळे ओढ सरळ बसू लागली आणि झीज कमी झाली. सोलापुरात या पंपात आणखी सुधारणा झाली आणि 'सोलापूर पंप' नावारूपाला आला.

केंद्र सरकार आणि युनिसेफच्या इंजिनिअरांनी नवा राष्ट्रीय पंप करायचे ठरवले तेव्हा त्यांनी हाच पंप पायाला धरला. त्यातून 'इंडिया मार्क दोन' तयार झाला. कोइमतूर भागात खोल बोअरवर त्याची चाचणी झाली, मद्रासच्या एका सरकारी कारखान्यात उत्पादन सुरू झाले आणि १९७९ साली त्याचे भारतीय मानक, आय.एस. ९३०१, प्रसिद्ध झाले. आज गावोगावी दिसतो तो हापसा बहुधा याच घराण्यातला. पुढे तो आफ्रिकेतल्या अनेक देशांतही गेला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. पंप चांगला होता हे खरेच, पण त्याच्यामागची शिस्तही तेवढीच चांगली होती. नमुन्यावर कुणाची मक्तेदारी ठेवली नाही, कोणत्याही कारखान्याला तो बनवता येई. अट एकच : माप मानकाप्रमाणेच हवे. एका कारखान्याची साखळी दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसली पाहिजे. माल बाहेर पडण्यापूर्वी त्याची तपासणी बनवणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने न करता तिसऱ्याच संस्थेने करायची. त्यामुळे तालुक्याच्या गोदामात एकाच प्रकारचे सुटे भाग ठेवून भागू लागले. आजही सुटे भाग घेताना आय.एस.आय. चिन्ह पाहा म्हणतात, ते याच कारणासाठी. स्वस्तातला वायसर चार महिन्यांत फाटला तर पाइप उचलण्याचा खर्च पुन्हा करावा लागतो.

एका वायसरसाठी सगळे पाइप बाहेर

मार्क दोनमध्येही एक अडचण होती. त्याचे सिलिंडर जमिनीत खोल असते आणि ते वरच्या पाइपपेक्षा रुंद असते. आतला वायसर गेला की तीन-तीन मीटरचे सगळे लोखंडी पाइप सळयांसकट बाहेर काढावे लागतात. त्याला चार-पाच माणसे, खास अवजारे आणि बहुतेक वेळा गाडी लागते. वायसर किरकोळ किमतीचा, पण तो बदलायला जिल्ह्याच्या गाडीची वाट पाहायची, अशी गत.

कोइमतूर भागातच १९८० च्या दशकात यावर बराच अभ्यास झाला. चामड्याच्या वायसरऐवजी नायट्राइल रबराचा वायसर जास्त टिकतो असे दिसले. 'इंडिया मार्क तीन'मध्ये वरचा पाइपच रुंद केला. त्यामुळे पाइप जागेवर ठेवून नुसत्या सळया ओढल्या की दट्ट्या आणि तळाची झडप वर येते. बहुतेक दुरुस्त्या गावचा मिस्त्री एक-दोन मदतनीस घेऊन करू शकतो. अर्थात रुंद पाइप जड आणि महाग पडतो, आणि फार खोल बोअरला तो सोयीचा नाही. इंजिनिअरला अशी तडजोड नेहमीच करावी लागते. आज थोडे पैसे वाचवायचे की पुढची वीस वर्षे दुरुस्ती सोपी ठेवायची? टेंडर फक्त पहिल्या किमतीवर ठरत असेल तर या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरून जाते.

तीन पायऱ्या की एक?

यंत्र सुधारले तरी दुरुस्तीला माणूस हवाच. तमिळनाडूने १९७० च्या दशकात तीन पायऱ्यांची पद्धत बसवली. गावात पंपाची काळजी घेणारा एक माणूस, ब्लॉकला मेकॅनिक आणि जिल्ह्याला गाडी-अवजारांसह फिरते पथक. गावच्या माणसाला पत्ता छापलेली पोस्टकार्डे दिली जात. पंप बिघडला की एक कार्ड पेटीत टाकायचे. पद्धत नेटकी होती, पण जिल्ह्याची गाडी नादुरुस्त झाली की खालच्या दोन्ही पायऱ्या नुसत्या बसून राहत.

राजस्थानात अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनिया येथील समाज कार्य व संशोधन केंद्राने दुसरी वाट धरली. मधल्या पायऱ्या काढून टाकल्या. गावातलेच कमी शिकलेले तरुण निवडले, त्यांना शिकवले, अवजारांची पेटी दिली आणि जवळपासच्या गावांचे पंप त्यांच्याकडे सोपवले. त्यांना 'हँडपंप मिस्त्री' म्हणू लागले. पुढे राज्य सरकारनेही ही पद्धत उचलली. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बायकांना हे काम शिकवले गेले. पाने-पकडी घेऊन पाइप उचलणाऱ्या बाया पाहून आधी लोक हसले. पण ज्या बाईच्या डोक्यावर हंडा आहे तिला पंप आज सुरू व्हावा याची जेवढी तळमळ, तेवढी दुसऱ्या कुणाला असणार?

कोणती पद्धत बरी, यावर जाणकारांत पुष्कळ वाद झाले. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच : दुरुस्तीचे कसब आणि अवजारे जितकी गावाजवळ, तितके पंप बंद राहण्याचे दिवस कमी. मात्र मिस्त्रीचा मेहनताना वेळेवर मिळाला पाहिजे. बिल सहा महिने अडकले तर शिकलेला मिस्त्री शहरात गॅरेजवर जातो, आणि आपण पुन्हा पहिल्या जागी येतो.

आफ्रिकेतही तेच दुखणे

१९८१ ते १९९० हे संयुक्त राष्ट्रांनी पाणी-स्वच्छतेचे दशक म्हणून पाळले. आफ्रिकेत मदत देणाऱ्या देशांची रीघ लागली. प्रत्येकाने आपापल्या पसंतीचा पंप आणला. एकाच देशात नाना तऱ्हांचे पंप आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसत नाही. मदत देणारा परत गेला की सुटे भागही गेले. म्हणून पुढे अनेक देशांनी मोजकेच नमुने ठरवून दिले. युगांडाने भारतीय मार्क दोन आणि तीनवरून आपले 'यू दोन' आणि 'यू तीन' पंप घेतले.

तिथे आणखी एक धडा मिळाला. काही भागांत जमिनीतले पाणी आम्लधर्मी आहे. त्या पाण्यात जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप खाल्ले जाऊ लागले. पाणी तांबडे येऊ लागले, कपडे डागाळू लागले, चव बिघडली. पंप सुरू असूनही बायका पुन्हा जुन्या डबक्याकडे वळल्या. पाण्याची तपासणी आधी झाली असती तर पाइप वेगळा निवडता आला असता. कागदावरचा उत्तम नमुनाही प्रत्येक मातीत चालतोच असे नाही.

२००९ साली ग्रामीण पाणीपुरवठ्यातील जाणकारांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्याने वेगवेगळ्या देशांचे आकडे एकत्र केले, तेव्हा सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद असल्याचे दिसले.

चांगली उदाहरणेही त्याच मातीत आहेत. केनियात क्वाले जिल्ह्यात १९८० च्या दशकात पंपाभोवती बायकांच्या समित्या उभ्या केल्या. समितीचे स्वतःचे बँक खाते, त्यात घरोघरची वर्गणी, आणि पंप बिघडला की त्याच पैशातून सामान. याच देशात क्यूसो भागात २०१३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने एक प्रयोग केला. हापशाच्या दांडीत मोबाइलवर संदेश धाडणारे छोटे यंत्र बसवले. दांडी हलायची थांबली की दुरुस्ती पथकाला कळायचे. आधी बिघडलेला पंप सुरू व्हायला सरासरी २७ दिवस लागत, ते तीन दिवसांच्या आत आले. यंत्राचा भाग यात थोडा, खबर मिळाल्याबरोबर निघणारे पथक हा मोठा भाग. त्यानंतर वर्गणी भरणाऱ्या गावांना ठरल्या दिवसांत दुरुस्तीची हमी देणारी सेवा तिथे सुरू झाली. दुरुस्ती वेळेत होते असे दिसले की लोक पैसे द्यायला मागेपुढे पाहत नाहीत. वर्गणी मागण्याआधी हे ध्यानी ठेवावे.

साहेबांचे घोडे कुठे अडते

शाखा अभियंत्याला शिव्या घालणे सोपे आहे. त्याच्या टेबलावरचे काम एकदा पाहा. नवे काम किती झाले याचा हिशेब दर महिन्याला मागितला जातो, जुने काम चालू आहे का हे क्वचित विचारले जाते. बांधकामाला निधी येतो, देखभालीला तुटपुंजा. मार्चएंडला पैसे खर्च करायची घाई, म्हणून पाइप आधी येतात आणि खोदाई मागाहून होते. तीन वर्षांत बदली. गेलेल्या साहेबाच्या डोक्यातली माहिती, म्हणजे कुठल्या बोअरला किती पाइप, कुठला व्हॉल्व्ह कुठे पुरलाय, ती त्याच्याबरोबरच जाते. शिवाय हापसा कोणाच्या दारात बसवायचा यावर गावातले वजनदार लोक आधीच बसून ठरवतात आणि वस्तीवरच्या माणसाला कोणी विचारत नाही.

यातल्या काही गोष्टी इंजिनिअरच्या हातात नाहीत. पण गावाच्या हातात असलेल्याही काही आहेत.

आता नळ आले, प्रश्न तोच

१५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशनची घोषणा झाली. घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हा त्याचा संकल्प. मूळ मुदत २०२४ ची होती. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवण्याची घोषणा झाली. योजना उभी राहिली की ती गावाच्या ताब्यात येते. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या महिला असाव्यात आणि पाणी तपासण्यासाठी गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण द्यावे, असे मार्गदर्शक सूचना सांगतात.

हापसा बंद पडला तर एका वस्तीचे पाणी जाते. नळयोजनेची मोटर जळाली तर सगळ्या गावाचे जाते. वीजबिलाचा साधा हिशेब करून पाहा. साडेसात अश्वशक्तीची मोटर रोज चार तास चालली तर महिन्याला कमीत कमी ६७० युनिट वीज लागते, मोटर जुनी असेल तर जास्तच. तुमच्या बिलावरच्या दराने त्याला गुणा. त्यात पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, टीसीएल पावडर आणि वर्षातून एकदा तरी होणारी मोटर दुरुस्ती मिळवा. येणाऱ्या बेरजेला घरांच्या संख्येने भागा. पाणीपट्टी त्याहून कमी ठेवली असेल तर योजना कधी ना कधी थकबाकीत बंद पडणार, हे आजच लिहून ठेवा. निवडणूक जवळ आली म्हणून पाणीपट्टी न वाढवणारा सरपंच गावाला स्वस्त पाणी देत नाही, पुढच्या उन्हाळ्याचे पाणी तो आज विकतो.

गावाने काय करावे

१. हापशाची परीक्षा स्वतः घ्या. पाणी येईपर्यंत हापसा, मग अर्धा तास थांबा. पुन्हा हापसल्यावर पाचपेक्षा जास्त वेळा दांडी मारावी लागली तर पाइप गळतोय किंवा तळाची झडप धरत नाही. मग बादली ठेवून मिनिटभरात ४० वेळा पूर्ण हापसा. १० लिटरपेक्षा कमी पाणी आले तर वायसर बदलायची वेळ झाली. हे जानेवारीत करा, पंप बंद पडायची वाट पाहू नका.

२. आठवड्याला नट-बोल्ट आवळा, महिन्याला साखळीला ग्रीस लावा. ओटा फुटला असेल तर आधी तो दुरुस्त करा. फुटक्या ओट्यातून सांडपाणी थेट बोअरमध्ये मुरते.

३. वही ठेवा. बोअरची खोली, पाइपांची संख्या, सिलिंडर किती खोल, कधी काय बदलले, पाण्याची पातळी किती. नळयोजनेचा नकाशा आणि व्हॉल्व्हच्या जागा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या. साहेब बदलले तरी भिंत बदलत नाही.

४. योजना ताब्यात घेण्यापूर्वी चालवून पाहा. शेवटच्या घराच्या नळाला पाणी आल्याशिवाय, नकाशा, मोटरचे कागद आणि हमीपत्र हाती आल्याशिवाय सही करू नका. ठेकेदार घाई करील, करू द्या.

५. दोन माणसे शिकवा, त्यांत एक तरी बाई असू द्या. एकच माणूस शिकला आणि तो कामाला बाहेरगावी गेला की गाव अडते.

६. तक्रार लेखी द्या, तारीख घाला, पोच घ्या. "मी साहेबांना बाजारात सांगितलं होतं" याला तक्रार म्हणत नाहीत. पंप किती तारखेला बंद पडला आणि किती तारखेला सुरू झाला, हे फळ्यावर लिहा. बंद राहिलेल्या दिवसांचा आकडा ग्रामसभेत वाचला की सगळेच जागे होतात.

७. पाणीपट्टीचे खाते वेगळे ठेवा आणि जमाखर्च दर ग्रामसभेत वाचून दाखवा. घरपट्टीच्या पैशात पाणीपट्टी मिसळली की मोटर जळाल्यावर खाते रिकामे निघते.

यातल्या एकाही कामाला मंत्रालयाची परवानगी लागत नाही. पुढची ग्रामसभा ठरली की ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या ग्रामसेवक भाऊसाहेबांना, सांगून विषयपत्रिकेत एक ओळ घालून घ्या : 'गावातील सर्व हातपंप व नळयोजनेची देखभाल आणि त्याचा वार्षिक खर्च'. शाखा अभियंत्यालाही बोलवा, पण भांडायला नव्हे. आपली वही त्याच्यासमोर ठेवा. ज्या गावाकडे आकडे आहेत, त्या गावाची फाइल टेबलावर वर राहते.